शाल आणि शिधा

गरिबीचे कौतुक करण्यास पैसा लागत नाही. म्हणूनच की काय, ते सर्वांना परवडते. साधूची फाटकी कफनी, भिक्षुकाचा विरलेला पंचा, कीर्तनकाराचा ठिगळ लावलेला अंगरखा यांचे वर्णन आपण मोठ्या भक्तिभावाने करतो. पण ती गरिबी त्याने आपण होऊन पत्करली की आपण ती त्याच्या गळ्यात बांधली, हे पाहण्याच्या भरीस सहसा कोणी पडत नाही. या दोन गरिबींत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पहिलीच्या आड दुसरी लपविण्याची खोड काही आपलीच नव्हे. ती इतरत्रही आहे. तिचे अगदी स्वच्छ उदाहरण मला सापडले ते फ्रान्समधल्या खेड्यापाड्यांतल्या कॅथलिक पाद्र्यांच्या इतिहासात. बडोद्याच्या वाचकाला हा विषय लांबचा वाटेल. पण राजाश्रयावर वाढलेल्या आणि राजाश्रय गेल्यावर कावऱ्याबावऱ्या झालेल्या आपल्या समाजाला तो परका वाटण्याचे कारण नाही.

या पाद्र्यांत सर्वांत प्रसिद्ध पुरुष म्हणजे आर्स गावचे जाँ-मारी व्हियाने. लियाँ शहराजवळच्या दार्दिली गावी 8 मे 1786 रोजी एका शेतकऱ्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. ते तीन वर्षांचे असताना राज्यक्रांती झाली. पुढे क्रांतिसरकारची शपथ न घेणारे पाद्री लपूनछपून हिंडू लागले. 1799 साली या मुलाला पहिला ख्रिस्तप्रसाद मिळाला तो एका घरात, खिडक्यांपुढे गवताच्या गाड्या आडव्या लावून. शाळा अशी झालीच नाही. पाद्री होण्याचे मनात आले तेव्हा वय विशीकडे झुकलेले, हात नांगराला सरावलेले, आणि समोर लॅटिन भाषा. ती काही केल्या डोक्यात शिरेना. लियाँच्या धर्मविद्यालयातून त्यांना घरी पाठविण्यात आले. एकुली गावचे वृद्ध पाद्री बाले यांनी या विद्यार्थ्याची बाजू लावून धरली, स्वतः शिकविले, वरिष्ठांकडे रदबदली केली. तेव्हा कुठे 13 ऑगस्ट 1815 रोजी, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, ग्रनोबल येथे त्यांना दीक्षा मिळाली. तरीही लोकांची पापनिवेदने ऐकण्याची मुभा त्यांना ताबडतोब मिळाली नाही. हाच मनुष्य पुढे दिवसाचे बारा-बारा, सोळा-सोळा तास पापनिवेदनाच्या चौकटीत बसून राहिला, आणि त्याच्यापुढे आपले मन मोकळे करण्यासाठी साऱ्या फ्रान्समधून माणसे हजारोंनी येत राहिली.

फेब्रुवारी 1818 मध्ये त्यांना आर्सला धाडण्यात आले. वस्ती अवघी 230 च्या घरातली. रस्ते चिखलाचे, चर्च मोडकळीस आलेले, दारूची दुकाने मात्र चार. एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीला वसईकडचे ख्रिस्ती बांधव 'धर्मग्राम' म्हणतात. आर्स हे तर त्या वेळी स्वतंत्र धर्मग्रामही नव्हते. तो दर्जा त्याला पुढे 1821 साली मिळाला. अशा ठिकाणी पाठविणे म्हणजे ज्याचा फारसा उपयोग नाही त्याला कोपऱ्यात बसविणे, असाच तेव्हाचा समज असणार.

व्हियाने यांनी काय केले? पाद्रीच्या राहत्या घरात गावच्या जमीनदारीणबाईंनी दिलेले बरेचसे सामान त्यांनी परत केले. गादी देऊन टाकली. एकदा पातेलेभर बटाटे उकडून ठेवायचे आणि तेच कित्येक दिवस, बुरशी येईपर्यंत पुरवून खायचे, असा त्यांचा क्रम असे. ही झाली पत्करलेली गरिबी. पण हेच व्हियाने चर्चसाठी लियाँच्या बाजारातून उंची रेशमी वस्त्रे आणीत, आणि 1824 साली त्यांनी गावात मुलींसाठी विनाशुल्क शाळा उघडली; तीतच पुढे अनाथ मुलींचे वसतिगृह झाले. तिथल्या मुलींनी बुरशीचे बटाटे खावेत असा आग्रह त्यांनी कधी धरला नाही. त्यांच्यासाठी धान्य, सरपण, कपडालत्ता मिळवताना त्यांच्या नाकी नऊ येत. स्वतःचे दारिद्र्य हे त्यांचे व्रत होते. दुसऱ्याचे दारिद्र्य ही त्यांना तातडीने निवारण्याची गोष्ट वाटे. हा फरक त्यांच्या भक्तांपैकी फार थोड्यांच्या ध्यानात राहिला.

त्यांची खरी झुंज उपासमारीशी नव्हती. आपण या कामास अपात्र आहोत, ही टोचणी त्यांना जन्मभर लागून राहिली. आजूबाजूच्या काही पाद्र्यांनी, हा अडाणी मनुष्य लोकांना काय मार्गदर्शन करणार, अशी तक्रार फिरविली. तो कागद हाती आला तेव्हा व्हियाने यांनी त्यावर स्वतःचीच सही करून तो पुढे पाठविला, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. आर्स सोडून कुठल्यातरी मठात एकांतात जाऊन बसावे म्हणून ते एकाहून अधिक वेळा गावातून निघाले. 1853 साली रात्री निघाले तेव्हा गावकऱ्यांनी चर्चची घंटा बडवून त्यांची वाट अडविली. लोकांना त्यांची गरज होती हे खरे. पण त्या थकलेल्या माणसाला कशाची गरज आहे, हे विचारणारे फारसे कोणी दिसत नाही. 4 ऑगस्ट 1859 रोजी त्यांनी आर्स येथेच देह ठेवला.

आता माझ्या धंद्याविषयी. हा संत आम्हा वाजविणाऱ्यांचा मित्र नव्हता, हे सांगितलेच पाहिजे. नाचगाण्यांच्या बैठकींवर त्यांनी वर्षानुवर्षे तोंडसुख घेतले. संत योहानाचे शिर एका नृत्यापायी गेले, या अर्थाची ओळ त्यांनी चर्चमधल्या त्या संताच्या देवडीवर कोरून घेतली. कलेच्या बाजूने मला यातले काही मान्य नाही. लोक नाचतात तिथे देव नसतोच, असे ज्याला वाटते त्याने आपली वारी पाहिलेली नाही. परंतु त्यांच्याविषयी एक गोष्ट सांगतात, तिने मला विचारात पाडले. गावच्या जत्रेत वाजविण्यासाठी निघालेला एक फिडलवाला त्यांना वाटेत भेटला. आज किती मिळणार, असे व्हियाने यांनी त्याला विचारले. त्याने आकडा सांगितला. त्यांनी त्याच्या दुप्पट रक्कम त्याच्या हातावर ठेवली आणि त्याला परत पाठविले.

या गोष्टीत भाविकांना नाच बंद पडल्याचा आनंद होतो. मला दिसते ते वेगळे. हा वाजवणारा मनुष्य पोटासाठी घराबाहेर पडला आहे, त्याला रिकाम्या हाताने घरी धाडले तर आज त्याची चूल पेटायची नाही, हे त्या पाद्रीला कळले होते. आमचा सूर त्यांना नको होता, तरी बिदागी त्यांनी बुडविली नाही. ज्यांना आमचा सूर हवा असतो, त्यांच्यापैकी किती जणांविषयी असे म्हणता येईल?

पुढची हकीकत तर आपल्याकडच्या सत्कारांना अगदी लागू आहे. 1852 साली बिशपांनी व्हियाने यांना मानद पद देऊन त्याची मानाची खांदेवजा शाल त्यांच्या अंगावर जवळजवळ बळेच घातली. त्यांनी ती 50 फ्रँकना विकून पैसे गरिबांच्या कामी लावले. 1855 साली बादशहा तिसऱ्या नेपोलियनच्या सरकारने त्यांना सन्मानाचा क्रूस जाहीर केला. त्यासाठी 12 फ्रँक भरावे लागतील असे कळताच त्यांनी नकार दिला. ते पैसे त्यांना गरिबांसाठी हवे होते. ज्याच्या हातून रोज भुकेली माणसे जातात, त्याला मानाच्या वस्तूची किंमत अशी चटकन कळते.

व्हियाने हे एक झाले. पण त्यांच्यासारखी बटाट्यांवर जगण्याची प्रतिज्ञा न केलेले शेकडो, हजारो खेडवळ पाद्री फ्रान्समध्ये होते. ते कसे जगत? क्रांतीपूर्वी शेतमालातला ठराविक हिस्सा धर्माच्या नावाने घेतला जाई. पुष्कळ ठिकाणी तो हिस्सा गब्बर मठांच्या वा मोठ्या धर्माधिकाऱ्यांच्या कोठारात पडे, आणि गावात प्रत्यक्ष मिस्सा म्हणणाऱ्या, मृताला माती देणाऱ्या पाद्रीला त्यातून एक बांधीव तुकडा मिळे. 1686 साली हा तुकडा वर्षाला 300 लिव्हर ठरला, 1768 मध्ये 500 झाला, आणि 1786 मध्ये, म्हणजे व्हियाने जन्मले त्या साली, 700. आपल्याकडच्या इनामदारीची ज्यांना माहिती आहे त्यांना हे लगेच समजेल: इनाम खाणारा एक, घंटा वाजविणारा दुसरा. 1789 च्या सभेत धर्मवर्गाच्या प्रतिनिधींपैकी बहुसंख्य गावपाद्री होते, आणि त्यांच्यातले काही जून महिन्यात सर्वांच्या आधी सामान्य जनतेच्या प्रतिनिधींत जाऊन बसले, ते काही उगाच नव्हे.

क्रांतीने तो हिस्सा रद्द केला, चर्चची मालमत्ता राष्ट्राची केली, आणि 1790 साली गावपाद्रीला किमान 1,200 लिव्हरचे वेतन कबूल केले. मात्र त्यासोबत शपथेची अट आली. जवळजवळ निम्म्या पाद्र्यांनी ती नाकारली. त्यांच्या नशिबी अज्ञातवास, हद्दपारी, कित्येकांच्या नशिबी मरणही आले. ज्यांनी शपथ घेतली त्यांचेही वेतन 1794 मध्ये बंद झाले. नंतर नेपोलियनने पोपशी 1801 साली करार केला आणि पगार पुन्हा सुरू झाले. पण कसे? आर्चबिशपला वर्षाला 15,000 फ्रँक, बिशपला 10,000, मोठ्या गावच्या पाद्रीला 1,500 किंवा 1,000. आणि खेड्यातल्या साध्या पाद्रीला 1804 पासून 500. वर तो बिशपच्या मर्जीने केव्हाही हलविला जाण्याजोगा. एका आर्चबिशपच्या पगारात तीस खेडी! गरिबी हा धर्माचा अलंकार आहे, असे जे म्हणतात त्यांनी हा अलंकार कोणाच्या अंगावर घातला जातो ते या आकड्यांत पाहावे.

यानंतर आले 1905 साल. 8 जानेवारी 1905 रोजी दहाव्या पायस पोपांनी व्हियाने यांना धन्य घोषित करून वेदीवर बसविले. त्याच वर्षी 9 डिसेंबरला फ्रान्सच्या प्रजासत्ताकाने धर्म आणि राज्य यांची फारकत करणारा कायदा केला व पाद्र्यांचे सरकारी वेतन संपले. दोन्ही घटनांचा कार्यकारणसंबंध नाही. पण त्या शेजारी ठेवून पाहिल्या की एक चित्र उभे राहते. उपाशी संताची पूजा सुरू झाली आणि जिवंत पाद्रीची थाळी उचलली गेली, ती एकाच वर्षी. कायद्यात थोडी सोय होती: वृद्धांना निवृत्तिवेतन, इतरांना दर टप्प्याला घटत जाणारे अनुदान चार वर्षे, आणि हजाराखालच्या वस्तीत ही मुदत दुप्पट. त्यानंतर ज्याचा तो.

मग काय झाले असेल, हे झोर्झ बेर्नानोस यांनी 1936 साली एका खेडवळ पाद्रीच्या रोजनिशीच्या रूपाने लिहिलेल्या कादंबरीत दिसते. रोबेर ब्रेसाँ यांनी 1951 साली तिच्यावर चित्रपटही केला. उत्तर फ्रान्समधल्या एका खेड्यात आलेला हा तरुण पाद्री. पोटात असह्य कळा. दुसरे काही सोसत नाही म्हणून दारूत बुडविलेला पाव खातो, आणि गाव म्हणते, पाद्री बेवडा आहे. शेवटी तो पोटाच्या कर्करोगाने जातो. या गोष्टीतली मेख अशी की, त्याच्याविषयी कुजबूज सारे गाव करते. तू जेवलास का, असे मात्र जवळजवळ कोणी विचारत नाही.

येथे एक आक्षेप संभवतो, आणि तो पोकळ नाही. पगारी पाद्री सरकारचा मिंधा होतो. 19व्या शतकाच्या अखेरीस सरकारविरुद्ध बोलणाऱ्या अनेक पाद्र्यांचे वेतन अडविले गेले होते. 1905 नंतर चर्च गरीब झाले, पण बिशपांच्या नेमणुकीतला सरकारचा हात गेला. ते स्वतंत्र झाले. हे सर्व खरे आहे. राजाश्रयाला वेसण असतेच. आजही अल्सास आणि मोझेल या भागांत पाद्र्यांना सरकारी पगार मिळतो, कारण 1905 साली तो मुलूख जर्मनीकडे होता आणि जुना करार तिथे तसाच राहिला. तिथला धर्म त्यामुळे बुडालेला नाही, तसा बाकीच्या फ्रान्समधला पगारावाचून शुद्धही झालेला नाही. आज त्या देशात वर्षाला नवे पाद्री शंभराच्या आसपासच होतात. खेड्यांत एकेका पाद्रीकडे वीस-वीस, तीस-तीस गावांची चर्चे आहेत. त्याची कारणे पैशापुरती नाहीत, हे उघड आहे. पण 1905 नंतर टिकले ते कशाच्या बळावर, याचे उत्तर साधे आहे. तिथल्या भाविकांनी पाद्र्यांसाठी वार्षिक वर्गणी सुरू केली, आणि ती आजही चालू आहे. ती देवळाच्या कळसासाठी नव्हे, माणसाच्या भाकरीसाठी आहे.

आता आपल्याकडे वळतो. बडोद्यात राजाश्रय काय होता हे नव्याने सांगायला नको. 1886 साली मौलाबक्षांची गायनशाळा निघाली ती सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने. कलावंत खाते होते, देवस्थानांच्या नेमणुका होत्या, वर्षासने होती. 1915 साली तर महाराजांनी पुरोहितांना परीक्षा लावण्याचा कायदा केला. लॅटिनपायी अडलेल्या व्हियाने यांची मला येथे आठवण होते खरी; पण निदान परीक्षा घेणाऱ्या राज्याला, या माणसांचे आपल्याशी काही नाते आहे याची जाणीव होती. 1949 साली संस्थान विलीन झाले. ते व्हायचेच होते आणि योग्यही होते. प्रजेच्या पैशातून कोणाला पोसायचे हे प्रजेने ठरवावे. प्रश्न एवढाच की, दरबाराच्या जागी मग कोण उभे राहिले?

माझ्या वडिलांना दरबारची चाकरी मिळाली ती संस्थानच्या अगदी अखेरच्या वर्षांत; मी त्यांच्या उतारवयातले अपत्य. आमच्या घरी एका लोखंडी ट्रंकेत शाली होत्या, डांबराच्या गोळ्या घालून ठेवलेल्या. उत्सवांत गायल्याबद्दल मिळालेल्या. आई म्हणे, "यातल्या निम्म्या शालींच्या ऐवजी तांदूळ दिले असते तर बरे झाले असते." वडील यावर काही बोलत नसत. लोक त्यांना निःस्पृह म्हणत. ते निःस्पृह होते की नाही मला माहीत आहे. पण लोकांना ते कसे कळले, हा प्रश्न मला अजून पडतो. त्यांनी कोणी आकडा विचारलाच नव्हता.

आपल्या पेठांतली जुनी मराठी देवळे पाहा. रामनवमीला जन्माचे कीर्तन हवे, काकडआरतीला पेटीवाला हवा, श्रावणात पोथी सांगणारा हवा. गुरवाने पहाटे उठून गाभारा झाडावा, आणि त्याचा मुलगा मात्र कंपनीत लागला तर आपण हळहळतो, की परंपरा संपली. फरशी बदलायची म्हटली की देणगीदारांच्या नावांना भिंत पुरत नाही. रोजच्या पुजाऱ्याचे मासिक किती, हे विश्वस्तांतल्या निम्म्यांना सांगता येणार नाही. विचारले तर उत्तर तयार असते: "अहो, ते सेवा म्हणून करतात." सेवा हा शब्द करणाऱ्याने उच्चारावा; करवून घेणाऱ्याने उच्चारला की तो हिशेब चुकविण्याचा मार्ग होतो.

आर्सच्या पाद्रीचे उदाहरण अशा वेळी हमखास पुढे येते: आमच्याकडे कुठलासा बुवा, तिकडे व्हियाने. खऱ्या विरक्ताला काही लागत नाही म्हणे! लागत नसेल, पण तो निर्णय त्याचा. व्हियाने यांनी 230 वस्तीच्या गावाला कधी असे सांगितले नाही की, मला लागत नाही म्हणून माझ्यानंतर येणाऱ्यालाही देऊ नका. त्यांना 1925 साली संत ठरविले गेले आणि 1929 मध्ये सर्व गावपाद्र्यांचे आश्रयदाते म्हणून त्यांची योजना झाली. आश्रयदात्याच्या नावाने आश्रितांना उपाशी ठेवावे, असा त्याचा अर्थ खचित नव्हे.

राजा परत येणार नाही, आणि सरकारने देवळे पोसावीत असेही मी म्हणत नाही. सरकारी अन्नाबरोबर सरकारी वेसण येते हे फ्रान्सच्या इतिहासावरून दिसलेच आहे. उरतो तो तिसरा मार्ग: ज्या घरांना विधी हवा, कीर्तन हवे, सूर हवा, त्या घरांनी थोडे थोडे, पण नेमाने आणि आकडा ठरवून द्यावे. उत्सवापुरते नव्हे, बारमाही. देणाऱ्याचे नाव भिंतीवर नको आणि घेणाऱ्याची मान खाली नको. शंभर घरांनी मिळून एका पुजाऱ्याचे, एका कीर्तनकाराचे, एका पेटीवाल्याचे वर्षासन चालविणे या शहराला जड नाही. चैत्र लांब नाही. यंदा उत्सवाची वर्गणी गोळा करताना मंडळांनी पावतीपुस्तकात 'सेवेकऱ्यांचे वर्षासन' असा एक रकाना वाढवावा, आणि शालींचा खर्च त्यात वळता करावा.